खोकला नसलेला कफ

पुंडलिकराव भोयरांच्या नाकावर सगळ्या गावाची भिस्त होती. नेरहून दारव्ह्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर त्यांचं गाव येतं. तिथल्या मारुतीच्या देवळापुढे दर हनुमान जयंतीला रोडग्यांची पंगत बसते. रोडग्याला सामान फार लागत नाही. जाडसर दळलेली कणीक घट्ट मळायची, तिच्या तेल लावलेल्या चकत्या एकावर एक रचायच्या, वरून कणकेचीच पारी चढवून मुठीएवढा गोळा करायचा. लांब चरात गोवऱ्या पेटवायच्या, जाळ बसला की गोळे निखाऱ्यांत लोटायचे आणि वर गरम राख ओढायची. खरं काम त्यानंतरचं. राखेखाली काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. लवकर काढला तर रोडगा आत कच्चा, उशीर झाला तर कोळसा.

पुंडलिकराव चराच्या कडेला उकिडवे बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आधी ओल्या कणकेचा वास यायचा, मग वाळल्या गवतासारखा, मग भाजल्या गव्हाचा. त्या गव्हाच्या वासाला एका क्षणी गोडसर कड यायची. ती आली की पुंडलिकराव हात वर करायचे आणि माणसं फावडी घेऊन धावायची. पंगत शेकड्यांनी असो की घरच्या नवसाची असो, हा हात वर जाईपर्यंत राखेला कुणी हात लावत नसे.

हे त्यांचं वर्षातून काही वेळचं काम. एरवी नेरच्या बाजारात त्यांची फुटाण्याची भट्टी होती. लोखंडी कढईत वाळू तापवायची, भिजवून वाळवलेले चणे तिच्यात टाकायचे, झाऱ्यानं फिरवत राहायचं आणि चाळणीवर ओतायचं. सकाळपासून दिवस कलेपर्यंत ते जाळापुढे उभे असत. घामानं बनियन अंगाला चिकटलेलं असे. येता-जाता मूठभर फुटाणे तोंडात टाकणं हेच दुपारचं जेवण. अंगानं ते थोराड होते. चाल सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी त्यांचा आवाज चढत नसे.

मागच्या दसऱ्याला त्यांनी भट्टी बंद केली. पुण्याला नोकरी करणाऱ्या अंकुरचा, त्यांच्या मुलाचा, बरीच वर्षं तोच आग्रह होता. आणि पुंडलिकरावांनाही आता वाटू लागलं होतं की जाळानं आपल्याला आतून खाऊन टाकलंय. त्यांच्या बायकोचं, विमलताईंचं, तर त्याबद्दल पक्कं मत होतं. वऱ्हाडात प्रत्येक पदार्थ एक तर गरम असतो नाही तर थंड, आणि कोणता पदार्थ कुठल्या बाजूला बसतो हे विमलताईंना तोंडपाठ होतं. ज्या माणसानं जन्मभर जाळ सोसला त्याच्या हाडांत उष्णता मुरलेली असणार, आणि ती काढायची तर थंडावाच द्यायला हवा. लग्न होऊन आल्यापासून त्यांना नवऱ्यासाठी हे करायचं होतं. भट्टीनं करू दिलं नव्हतं. आता सकाळी दूध-केळी, दुपारी दह्याचा मोठा वाटा, त्यावर पलंगावर ताणून झोप, संध्याकाळी पुन्हा शिकरण असं सुरू झालं. अंकुरनं आरामखुर्ची पाठवली. पुंडलिकराव तिच्यात बसून रस्ता पाहू लागले. भरल्या थंडीतही विमलताई त्यांना रात्री दूध दिल्याशिवाय निजू देत नसत.

पौषात विमलताईंच्या भावाकडे नवसाची पंगत होती. पुंडलिकराव नेहमीसारखे चराच्या कडेला बसले. डोळे मिटले. आणि काहीच आलं नाही. त्यांना वाटलं, अजून वेळ आहे. ते थांबले. धूर डोळ्यांना झोंबत होता, पण नाकात मात्र काही पोचत नव्हतं, जणू कुणी आतून दार लावून घेतलं होतं. शेवटी कुणीतरी ओरडलं म्हणून त्यांनी डोळे उघडले. अर्ध्याहून जास्त रोडगे खालून काळे पडले होते.

लोकांनी गोवऱ्यांना दोष दिला. पुंडलिकरावांच्या नाकाला दोष द्यावा हे कुणाच्या मनातच आलं नाही, आणि हेच त्यांना जास्त लागलं. घरी आल्यावर त्यांनी लसणाच्या फोडणीवर वाकून पाहिलं, मातीच्या तेलाची, रॉकेलची, बाटली हुंगली, उदबत्ती नाकाला लावली. मग त्यांच्या लक्षात आलं की वास गेला त्याच्या आधीच भूक गेली होती. कितीतरी दिवस ते घड्याळ पाहून जेवत होते. ताट समोर येतं म्हणून हात जातो, एवढंच. हनुमान जयंती चैत्रात होती. तिथे हात कधी वर करायचा हे कळलं नाही, तर गावानं ज्या एका कामासाठी आपल्याला ओळखलं ते काम संपलं, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त विमलताईंना, तेही त्यांनी भाजीत मीठ बरोबर आहे का असं चारदा विचारल्यावर.

अमरावतीच्या डॉक्टरांनी नाकात उजेड टाकून पाहिलं, फोटो काढला, साखर तपासली. घाबरण्यासारखं काही नव्हतं. आत सूज होती, वयही होतं. नाकात सोडायचं औषध मिळालं आणि थोडं मोकळंही वाटलं, पण वास आला नाही. मग कुणीतरी नेरच्या आयुर्वेदाच्या दवाखान्याचं नाव सांगितलं. तिथली डॉक्टर सुरभी वणीकडची. वय तिशीच्या आतबाहेर. दवाखाना दोन खोल्यांचा, आणि त्या दिवशी बाजार असल्यामुळे दोन्ही खोल्या भरलेल्या.

सुरभीनं त्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि बराच वेळ नाडी पाहिली. मग तिनं जे प्रश्न विचारले ते पुंडलिकरावांना डॉक्टरचे वाटलेच नाहीत. झोप कशी लागते, एकदा लागली की मोडते का. राग आला तर किती वेळ टिकतो. स्वप्नात काय दिसतं. लहानपणी शाळेत पाठ केलेलं अजून आठवतं का. पुंडलिकराव म्हणाले की स्वप्नात बहुतेक वेळा तळं दिसतं, आणि चौथीतल्या कविता अजून येतात. सुरभी हसली. जीभ पाहिली, त्यावर पांढरा थर होता. सुंठ, मिरी आणि पिंपळीचं चूर्ण बांधून दिलं, मधातून घ्यायला सांगितलं. तेवढ्यात तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन एक बाई आत शिरली. सुरभी उठता उठता म्हणाली, “काकाजी, तुमची प्रकृती कफाची आहे. पुढल्या बाजारी या, सविस्तर बोलू.”

पुंडलिकराव बाहेर आले ते हे एक वाक्य घेऊन.

प्रकृती म्हणजे तब्येत. तब्येत कफाची, म्हणजे छातीत कफ. आपल्याकडे हे शब्द असेच वापरले जातात. पित्त म्हणजे आंबट ढेकर, वात म्हणजे गुडघा, आणि कफ म्हणजे खोकला. आणि ज्या अर्थी डॉक्टरीणबाईंनी गर्दीत जास्त सांगायचं टाळलं, त्या अर्थी गोष्ट साधी नसणार. पुंडलिकरावांचा एक काका छातीच्या दुखण्यानं, क्षयानं, गेला होता. एसटीत बसल्यावर ते खिडकीकडे तोंड करून बसले. शेजारच्या माणसावर आपला श्वास जाऊ नये म्हणून.

घरी आल्यावर त्यांनी आपलं ताट, पेला, अंथरूण वेगळं केलं. विमलताईंनी ऐकलं तेव्हा त्या पदर खोचून उठल्या. छातीच्या दुखण्याला ताकद लागते. शिंगाड्याचे लाडू झाले, दुधात तूप आलं, केळी दुप्पट झाली. चूर्ण मधातून घ्यायचं होतं, पण मध गरम, सुंठही गरम, आणि माणूस तर आधीच जन्मभर भाजलेला. म्हणून त्यांनी चूर्ण थंड दुधात कालवून दिलं. पुंडलिकराव निमूट प्याले. त्यांना चव कळत नव्हतीच.

दिवस जात होते तसतसं अंग जड होत गेलं. सकाळी उठल्यावर डोळ्यांवर कुणी ओली चादर टाकल्यासारखं वाटायचं. शेजारचे रामराव हे त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायचे. पुंडलिकरावांनी त्यांना लांब बसायला सांगितलं. रामरावांना आधी वाटलं, काही राग आलाय. मग कारण कळलं तेव्हा त्यांनी पुंडलिकरावांना खालून वर निरखून पाहिलं.

“कफ हाय म्हनतं तू.”

“हो बा.”

“मंग खोकून दाखव.”

पुंडलिकरावांनी छाती भरून श्वास घेतला आणि खोकायचा प्रयत्न केला. आवाज आला तो घसा खाकरल्याचा. पुन्हा प्रयत्न केला. तेवढाही आला नाही.

रामराव म्हणाले, “एवढा मोठा कफ अन् खोकला नाही. शेंगा नाही अन् टरफलाची गोनी भरली का बे? जाय, त्या बाईले इचारून ये.”

आता विचारायलाच हवं होतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी विमलताईही बरोबर निघाल्या. दवाखान्यात गर्दी कमी होती. पुंडलिकराव दाराशीच उभे राहिले आणि तोंडावर रुमाल धरून त्यांनी विचारलं की दुखणं कितव्या पायरीवर आहे ते एकदा खरं सांगून टाका. सुरभीला काही कळेना. मग वेगळं अंथरूण, शिंगाड्याचे लाडू, थंड दुधातलं चूर्ण असं सगळं एकेक करून बाहेर आलं. ती हसली नाही. तिनं स्वतःची खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना बसवलं.

“माझ्याकडून शब्द दिला गेला, अर्थ द्यायचा राहिला. तो आज देते.” मग तिनं विचारलं, “काकाजी, रोडगा कसा करता तुम्ही?”

पुंडलिकराव गोंधळले. पण हा प्रश्न त्यांना येणारा होता, म्हणून त्यांनी सांगितलं. सुरभी मधेच थांबवत होती.

“कणकेत पाणी नाही घातलं तर?”

“पीठ उडून जाईन. गोळाच होनार नाही.”

“विस्तव नसला तर?”

“कच्चा राहीन.”

“आणि वारा? हवाच लागली नाही चराला?”

“विस्तव इझून जाईन नं.”

“ही तिन्ही कामं तुमच्या अंगात रात्रंदिवस चालू आहेत,” ती म्हणाली. “बांधून धरायचं, शिजवायचं आणि हलवायचं. जे बांधतं त्याला आम्ही कफ म्हणतो. शिजवतं ते पित्त. हलवतं ते वात. हे रोग नाहीत, काकाजी. हे तिघं आहेत म्हणून माणूस उभा आहे.”

पुंडलिकरावांचा रुमाल तोंडावरून खाली आला होता आणि ते त्यांना कळलं नव्हतं.

सुरभी मग सावकाश सांगत गेली. प्रत्येक माणूस जन्माला येतो तो या तिघांचं आपलं असं मिश्रण घेऊन. कुणाच्या कणकेत पाणी जरा जास्त, कुणाचा विस्तव तेज, कुणाच्या चरात वारा खेळता. त्या मिश्रणाला प्रकृती म्हणायचं. ती चांगली नसते, वाईट नसते, आणि मरेपर्यंत बदलत नाही. ज्याच्यात जे जास्त तेच आधी चढतं, म्हणून त्याला उलट्या बाजूनं तोलत राहायचं. पाणी जास्त झालं तर ऊब द्यायची, कोरडं द्यायचं, हलतं ठेवायचं. वारा जास्त झाला तर तेल, विसावा. विस्तव भडकला तर दूध, तूप, सावली. जे तिघांच्या तोलात बसतं ते मानवतं. जे बसत नाही ते अमृत असलं तरी मानवत नाही.

मानवणं. पुंडलिकरावांनी हा शब्द जन्मभर वापरला होता. नवं बियाणं जमिनीला मानवलं, सून घराला मानवली, विहिरीचं पाणी मानवलं नाही. पण आपल्या अंगाचीही एक जमीन असते आणि तिलाही काही मानवतं, काही मानवत नाही, असा विचार त्यांनी कधी केला नव्हता. त्यांनी आपला हात पाहिला. रुंद, गार, कातडी अजून तुकतुकीत. थोराड हाडं, गाढ झोप, न चढणारा आवाज, तळ्याची स्वप्नं, चौथीतल्या कविता. ही सगळी एकाच कणकेची होती तर. साठी ओलांडेपर्यंत ज्या घरात राहिलो त्याचं नाव कुणीतरी आज सांगावं, तसं त्यांना झालं.

“भट्टी कधी बंद केली म्हणालात?” सुरभीनं विचारलं.

“दसऱ्याले.”

“आणि भूक?”

पुंडलिकराव महिने आठवू लागले. दिवाळीत अंकुर आला होता तेव्हाच त्यांनी पहिल्यांदा चकलीला नको म्हटलं होतं. दसरा आणि दिवाळी त्यांच्या डोळ्यांपुढे शेजारी शेजारी येऊन उभे राहिले. जाळापुढचं उभं राहणं. वाहणारा घाम. कोरडे फुटाणे. दुपारी टेकायला न मिळणं. ज्या जाळानं आपल्याला खाल्लं असं ते धरून चालले होते, तोच त्यांच्या अंगातल्या पाण्याला इतकी वर्षं तोलून धरत होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं. पोटासाठी धरलेलं काम पोटाचंच औषध होऊन बसलं होतं.

त्यांच्या अंगावर काटा आला. देवळात येतो तसा.

विमलताई मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “म्हंजे मीच यायले बिघडवलं,” त्या म्हणाल्या. “इतक्या मायेनं देऊन राह्यली मी.”

सुरभीनं त्यांचा हात हातात घेतला. हात बारीक, गार आणि कोरडा होता, नसा वर आलेल्या. तिनं विचारलं की दूध-तूप तुम्ही स्वतः कधी घेता का. विमलताई म्हणाल्या, मले कायले पाह्यजे. झोप लागते का? लागते, पण पानाचा आवाज झाला तरी मोडते. सुरभी म्हणाली, “काकू, तुमची प्रकृती वाताची दिसते. तुम्ही जे यांना देत होता ना, ते तुम्हाला मानवेल. दूध वाईट नाही. चुकीच्या ताटात गेलं, एवढंच.”

पुंडलिकराव पहिल्यांदा मोठ्यानं हसले. विमलताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते लगेच थांबले.

निघताना सुरभीनं काय करायचं ते सांगितलं. दिवसा झोपायचं नाही. ज्वारीची भाकरी, मुगाचं कढण, सुंठ घालून उकळलेलं पाणी. चूर्ण मधातूनच, आणि तो मध गरम करायचा नाही. भूक लागेपर्यंत जेवायचं नाही. अमरावतीच्या डॉक्टरांचं औषध त्यांना विचारल्याशिवाय सोडायचं नाही. आणि शक्य असेल तर रोज थोडा वेळ भट्टी पेटवायची. हे दिवस त्यासाठी बरे होते. थंडीत अंगात थिजलेला कफ फाल्गुन-चैत्राच्या उन्हानं पातळ होतो, बाटलीतलं खोबरेल ऊन लागल्यावर सुटतं तसा, आणि सुटलेलं बाहेर काढणं सोपं असतं. पुंडलिकरावांनी दारातून मागे वळून विचारलं की हनुमान जयंतीपर्यंत वास येईल का.

“भूक येईल, हे सांगते,” सुरभी म्हणाली. “वासाचं वचन मला देता येणार नाही.”

फाल्गुनात पळस फुलला होता. आजवर तो त्यांच्यासाठी नुसता पळस होता. आता पुंडलिकरावांना वाटलं, हाही थंडीभर काहीतरी साठवून होता आणि ऊन लागताच ते बाहेर पडलं. माणसाच्या अंगातही असेच ऋतू फिरतात आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. भट्टी परसात मांडली. रोज सकाळी चालून आलं की ते कढई चढवायचे. गल्लीतले लोक फुटाणे न्यायला येऊ लागले, आणि आले की पुंडलिकराव त्यांच्याकडे निरखून पाहायचे. हा बोलताना सारखे पाय हलवतो, वात. हिला उन्हात उभं राहवत नाही, पित्त. रामराव तर उघडंच पुस्तक होते. लवकर पडलेलं टक्कल, जेवणाला जरा उशीर झाला की घरभर आग, आणि मिरचीवर सगळ्यात जास्त जीव. पुंडलिकरावांनी त्यांना समजावायला घेतलं तेव्हा रामराव म्हणाले की डॉक्टरकी नंतर कर, आधी फुटाणे दे, पोटात कावळे कोकलून राह्यले. पुंडलिकराव म्हणाले, तेच त सांगून राह्यलो.

एका सकाळी ते चालून परत येत होते आणि वाटेतच त्यांना थांबावं लागलं. पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं होतं. दुखत नव्हतं. ओळखीचं होतं, पण नाव आठवत नव्हतं. मग आठवलं. ते घरी आले आणि विमलताईंना म्हणाले, “भूक लागली मले.” विमलताईंनी भाकरी थापता थापता हात थांबवला आणि आधी तवा चढवला. ज्वारीची भाकरी, मुगाचं कढण. चव अजून पुसट होती, पण घास आपण होऊन खाली जात होता. त्या अंगातल्या विस्तवाला कुणी कधी पाहिलं नव्हतं. तरी तो राखेखाली इतके महिने जागा होता.

वास मात्र आला नाही. चैत्र लागला, कडुलिंबाला मोहोर आला, सगळे म्हणाले काय घमघमाट सुटलाय, आणि पुंडलिकराव झाडाखाली उभे राहून नुसते वर पाहत राहिले. हनुमान जयंती चार-दोन दिवसांवर आली तेव्हा त्यांनी रामरावांना खरं सांगितलं. पौषातले रोडगे गोवऱ्यांनी जाळले नव्हते.

“या साली तू बस चरापाशी,” ते म्हणाले.

रामरावांनी हातावरची तंबाखू मळून घेतली. मग म्हणाले, “माह्या नाकाले तमाखूशिवाय काय समजते बे? मी बसन तुह्या बाजूले. पन हात तूच वर करशीन.”

त्या दिवशी सूर्योदयाला देवळात पाळणा झाला आणि लगोलग चर पेटला. बायका कणकेच्या परातींभोवती बसल्या होत्या. एकीकडे वांग्याची भाजी, एकीकडे तुरीचं वरण. ऊन वर आलं तसा जाळ बसला, रोडगे निखाऱ्यांत गेले, राख ओढली गेली. पुंडलिकराव कडेला उकिडवे बसले आणि त्यांनी डोळे मिटले. रामराव शेजारी बसून घड्याळाकडे पाहत होते. त्यांनी काहीतरी हिशेब करून ठेवला असावा.

काही आलं नाही. नुसती ऊब चेहऱ्यावर होती. पुंडलिकरावांनी त्या सकाळी काही खाल्लं नव्हतं, भुकेची वाट पाहत होते म्हणून. मागे माणसांची कुजबूज वाढत गेली, मग कमी झाली. सगळे आपल्या हाताकडे पाहत असणार. कपाळावरून घाम ओघळला. ते मनात म्हणत होते, आता रामरावला सांगावं, घड्याळ पाह्य अन् तूच कर हात.

आणि तोंडाला पाणी सुटलं. कशानं सुटलं ते त्यांना कळलं नाही. नाकात काही नव्हतं. पण पोट वळलं, जिभेखाली पाणी भरून आलं, जणू अंगाला काहीतरी आधी कळलं होतं आणि ते त्यांना सांगायला कुणी येत होतं. मग ते आलं. फार बारीक. भाजल्या गव्हाचा वास, दूरच्या घरातून यावा तसा. पुंडलिकराव हलले नाहीत. श्वास सुटला तर जाईल अशी भीती वाटली. श्वास सोडावा लागला, पुन्हा घेतला, आणि तो तिथेच होता. त्यांनी वाट पाहिली. गोडसर कड आली तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं. धूर होताच.

त्यांनी हात वर केला.

“लवकर होईन बे,” रामराव हळूच म्हणाले. पण ओरडले ते मोठ्यानं, “काढा!”

फावडी चालली. पहिला रोडगा रामरावांनी फडक्यात धरून बुक्कीनं फोडला. आत पदर न् पदर सुटा, पांढरा, वाफ निघत असलेला. एक बाजू जरा जास्त लाल होती. रामरावांनी तो तुकडा तोंडात टाकला, तोंड भाजून घेतलं आणि त्याच तोंडानं पुंडलिकरावांना शिवी दिली.

पंगत बसली. पुंडलिकराव खांबाला टेकून तिच्याकडे पाहत होते. एकच रोडगा, एकच वरण, एकच वांगं. पण त्या लांबच लांब रांगेत जेवढी पोटं तेवढे विस्तव होते. कुठे भडकलेला, कुठे मंद, कुठे वाऱ्यानं लवलवणारा. रामराव मिरचीचा ठेचा आणखी मागत होते आणि टकलावरून घाम पुसत होते. एक म्हातारी तूप बोटांना चोळून चोळून खात होती. एक दांडगा माणूस चौथा रोडगा फोडत होता आणि त्याच्या शेजारच्याला पहिला संपत नव्हता. एकाच गव्हाचं आता इतक्या अंगांत इतक्या तऱ्हेचं रक्त होणार होतं. कुणालाच ते कसं होतं हे माहीत नव्हतं, आणि ते होतच होतं. पुंडलिकरावांना देवळाकडे वळून हात जोडावेसे वाटले. त्यांनी ते पंगतीकडे पाहतच जोडले.

शेवटच्या पंगतीला ते बसले. विमलताई तुपाचा गडू घेऊन वाढत येत होत्या. अलीकडे रात्री दूध घेऊ लागल्यापासून त्यांना झोप लागत होती आणि चेहऱ्यावर थोडं तेज आलं होतं, पण चालणं तसंच होतं, अर्धं धावणं. त्या पुंडलिकरावांपुढे थांबल्या. नेहमीच्या सवयीनं गडू कलंडला, आणि मग त्यांनीच तो सरळ केला.

“अजी, किती वाढू?”

पुंडलिकरावांनी फोडलेला रोडगा ओंजळीत उचलून नाकाशी नेला. “थांब,” ते म्हणाले. “पोटाले इचारून सांगतो.”

पंगतीत हसू फुटलं. मागून कुणीतरी तुपासाठी हाका मारत होतं. विमलताई गडू धरून उभ्याच राहिल्या.